औषध फुप्फुसातच राहावे म्हणून: डेव्हिड जॅक आणि दम्याचे औषधशास्त्र

साल्ब्युटामॉल हे दम्यावरचे औषध आपल्याकडे गोळीतही मिळते आणि पंपातही. गोळी बहुधा २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. पंप एकदा दाबला की त्यातून त्याच औषधाचे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा फक्त दहावा भाग, बाहेर पडतो. याचा अर्थ ४ मिलिग्रॅमची एक गोळी वजनाने पंपाच्या ४० दाबांएवढी भरते. तरीही धाप लागलेल्या माणसाला पंपाच्या दोन दाबांनी काही मिनिटांत मोकळे वाटू लागते, आणि गोळीचा गुण येण्यासाठी अर्धा तास किंवा त्याहून अधिक वाट पाहावी लागते. शिवाय हात थरथरणे आणि छाती धडधडणे हा त्रास गोळीने जास्त होतो. आपल्या पुष्कळ घरांत मात्र याच्या अगदी उलट समज आहे: गोळी किंवा सायरप म्हणजे सौम्य उपाय, आणि पंप म्हणजे अखेरचा, एकदा लागला की न सुटणारा. हा समज का चुकीचा आहे हे समजून घ्यायचे असेल, तर ज्या संशोधकाच्या प्रयोगशाळेत हे औषध तयार झाले त्या डेव्हिड जॅक यांच्या कारकिर्दीकडे पाहणे मला सर्वांत उपयुक्त वाटते.

जॅक यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२४ रोजी स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यातल्या मार्किंच या गावी एका कोळसा खाणकामगाराच्या घरी झाला. त्यांनी आधी औषधांच्या दुकानात उमेदवारी केली आणि नंतर ग्लासगो येथे औषधनिर्माण व औषधशास्त्र या दोन्ही विषयांचे शिक्षण घेऊन १९४८ साली पदवी मिळवली. काही वर्षे औषध कंपन्यांत काम केल्यावर १९६१ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी, ते अॅलन अँड हॅनबरीज या जुन्या इंग्रज कंपनीत संशोधन संचालक म्हणून रुजू झाले. ही कंपनी अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये सुरू झालेली आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलासाठी प्रसिद्ध असलेली; १९५८ साली ती ग्लॅक्सोने विकत घेतली होती. हर्टफर्डशायरमधील वेअर या छोट्या गावी तिची प्रयोगशाळा होती. १९८७ साली निवृत्त होईपर्यंत जॅक याच कंपनीत आणि पुढे तिच्या मूळ ग्लॅक्सो समूहात राहिले.

औषधशास्त्र या विषयाला दोन बाजू आहेत: औषध शरीराचे काय करते ही एक, आणि शरीर औषधाचे काय करते ही दुसरी. सामान्य माणूस पहिल्या बाजूचाच विचार करतो, कारण गुण आला की नाही एवढेच त्याला जाणवते. जॅक यांच्या दम्यावरील कामातील निर्णायक पावले मात्र बहुतेक दुसऱ्या बाजूच्या विचारातून पडलेली दिसतात.

आधी दम्यात काय होते ते पाहू. श्वासनलिकेला पुढे पुढे फांद्या फुटत जातात आणि त्यातल्या बारीक नळ्यांभोवती स्नायूंचे वेढे असतात. दमेकऱ्याच्या बाबतीत धूळ, परागकण, धूर, थंड हवा किंवा साधी सर्दी अशा कारणाने हे स्नायू आवळले जातात, नळी अरुंद होते आणि त्या अरुंद जागेतून हवा जाताना छातीत शिट्टीसारखा आवाज येतो. हा झाला काही मिनिटांत घडणारा भाग. त्याच्याखाली एक संथ प्रक्रिया चाललेली असते: नळीचे आतले अस्तर आठवडेच्या आठवडे सुजलेले राहते, त्यात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि चिकट कफ तयार होतो. अस्तर सुजलेले असल्यामुळेच स्नायू क्षुल्लक कारणाने आवळले जातात. १९६० च्या दशकात बहुतेक डॉक्टरांचे लक्ष पहिल्या भागावर होते, कारण रुग्ण त्याच भागामुळे गुदमरतो.

आवळलेले स्नायू सैल करणारे एक द्रव्य आपल्या शरीरातच आहे. ते म्हणजे अॅड्रेनालिन. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून दम्याच्या झटक्यात त्याचे इंजेक्शन दिले जात असे. पण संप्रेरक म्हणजे गावभर पिटलेली दवंडी असते. ती सगळ्यांच्या कानावर पडते आणि ज्याने त्याने आपापले काम करायचे असते: हृदय वेगाने धावू लागते, त्वचेकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि श्वासनळ्या सैल होतात. पेशींना जे 'कान' असतात त्यांना ग्राही म्हणतात. हे ग्राही दोन प्रकारचे, अल्फा आणि बीटा, असावेत असे रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ साली दाखवले. अॅड्रेनालिनमध्ये थोडा बदल करून बनवलेले आयसोप्रेनालिन फक्त बीटा ग्राहींवर काम करते. त्यामुळे रक्तवाहिन्या आकसण्याचा त्रास टळला. हृदयाचा मात्र टळला नाही, कारण हृदयालाही बीटा ग्राही असतात.

१९५६ साली अमेरिकेतील रायकर प्रयोगशाळेने मोजून मात्रा देणारा पहिला पंप बाजारात आणला आणि आयसोप्रेनालिन रुग्णाच्या खिशात आले. यापुढचा भाग दुःखद आहे, आणि तो सांगितल्याशिवाय जॅक यांच्या कामाचे मोल कळणार नाही. १९६० च्या दशकात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये दम्याने मरणाऱ्यांची, विशेषतः मुलांची आणि तरुणांची, संख्या अचानक वाढू लागली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १० ते १४ वर्षांच्या मुलांतील दम्याच्या मृत्यूंचे प्रमाण सात वर्षांत जवळजवळ आठपट झाले. आयसोप्रेनालिनचा एक पाचपट तीव्र पंप काही देशांत विकला जात होता आणि संशयाची सुई त्याच्याकडे वळली. हृदयावर थेट परिणाम होऊन हे मृत्यू झाले, की पंपाने तात्पुरते बरे वाटते म्हणून दवाखान्यात जायला उशीर झाला, यावर पुढे अनेक वर्षे वाद चालला. माझ्या मते या दोन कारणांत फारसा विरोध नाही. थोडा वेळच टिकणारे आणि हृदयालाही हलवणारे औषध रुग्ण पुन्हा पुन्हा ओढत राहिला, तर दोन्ही धोके एकाच वेळी वाढतात. १९६७ साली ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना सावध केले, आणि त्यानंतर तेथे मृत्यू कमी होत गेले.

आयसोप्रेनालिन थोडाच वेळ का टिकते, या प्रश्नापाशी वेअरमधील चमू येऊन पोहोचला होता. अमेरिकेतील ज्युलियस अॅक्सेलरॉड यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस एक विकर (एन्झाइम, म्हणजे शरीरात रासायनिक बदल घडवणारे प्रथिन) शोधून काढले होते. अॅड्रेनालिन आणि आयसोप्रेनालिन यांच्या रेणूत कार्बन अणूंच्या एका वर्तुळाकार कड्यावर दोन हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचे) गट शेजारी शेजारी बसलेले असतात. हे विकर ती जोडी ओळखते, त्यातल्या एका गटावर मिथाइलचे टोपण बसवते आणि औषध निकामी होते. मग त्या जोडीतला एक गट असा बदलता येईल का, की विकराला तो ओळखू येऊ नये पण श्वासनळीच्या ग्राहीला मात्र ओळखू यावा? रसायनतज्ज्ञ लॅरी लंट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका हायड्रॉक्सिल गटाच्या आणि कड्याच्या मध्ये कार्बनचा एक अणू घातला. रेणूच्या दुसऱ्या टोकाला, नायट्रोजनवर, आधीपेक्षा जाडजूड असा कार्बनचा गट बसवला. तयार झालेले द्रव्य म्हणजे साल्ब्युटामॉल.

या द्रव्याचा परिणाम चार ते सहा तास टिकू लागला. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की श्वासनळी सैल करणाऱ्या मात्रेत त्याचा हृदयावर आयसोप्रेनालिनपेक्षा पुष्कळच कमी परिणाम होत होता. याच सुमारास, १९६७ साली, अमेरिकेतील लँड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीटा ग्राहींचेही दोन प्रकार असल्याचे मांडले: हृदयात प्रामुख्याने बीटा-१ आणि श्वासनळीत प्रामुख्याने बीटा-२. साल्ब्युटामॉल मुख्यतः बीटा-२ ला साद घालते. दवंडी आता सगळ्या गावाऐवजी एकाच आळीला ऐकू येऊ लागली होती. १९६८ साली जॅक, हार्टली, लंट्स आणि रिची यांचा शोधनिबंध 'नेचर' मध्ये आला आणि १९६९ साली हे औषध व्हेंटोलिन या नावाने ब्रिटनमध्ये मिळू लागले. आपल्याकडे अॅस्थालिन या नावाचा जो पंप जवळजवळ प्रत्येक औषधाच्या दुकानात असतो, त्यातले औषध हेच.

मात्र 'मुख्यतः' हा शब्द येथे नीट लक्षात घ्यावा. हातापायांच्या स्नायूंतही बीटा-२ ग्राही असतात, म्हणून मात्रा जास्त झाली की हात थरथरतात. आणि हृदयही या औषधाला पूर्ण बहिरे नसते. म्हणजे रेणूचा नेमकेपणा काही अंशीच पुरा पडतो, उरलेला नेमकेपणा औषध कोणत्या वाटेने दिले यातून मिळवावा लागतो. गोळी पोटात विरघळते, यकृतातून जाते, रक्तातून सगळ्या शरीरात फिरते आणि मग थोडा अंश फुप्फुसापर्यंत पोहोचतो. पंपातले औषध थेट त्या नळीवर जाऊन पडते. लेखाच्या आरंभीचा ४० पटींचा हिशेब येथे उलगडतो.

एव्हाना जॅक यांनी दुसऱ्या, संथ भागाकडे लक्ष वळवले होते. कॉर्टिसोन गटातील स्टिरॉइडने श्वासनळीची सूज उतरते हे १९५० च्या दशकातच कळले होते, पण त्याची किंमत जबर होती. रोज स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाचा चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, रक्तातली साखर वाढते आणि लहान मुलांची वाढ खुंटते. स्टिरॉइड हुंगून घेण्याचे सुरुवातीचे प्रयत्न फसले, कारण वापरलेली द्रव्ये एक तर श्वासनळीच्या अस्तरावर पुरेशी प्रभावी नव्हती किंवा रक्तात शोषली जाऊन गोळीसारखाच त्रास देत होती.

उत्तर सापडले ते त्वचेच्या मलमात. चामडीवर लावायच्या स्टिरॉइडची ताकद तपासण्याची एक साधी पद्धत १९६२ पासून वापरात होती: औषध हातावर लावायचे आणि त्वचा किती फिकट पडते ते पाहायचे. या कसोटीत बेक्लोमेथासोन डायप्रोपियोनेट हे ग्लॅक्सोचेच स्टिरॉइड उत्तम उतरले होते. जे द्रव्य त्वचेवर अत्यल्प मात्रेत काम करते ते श्वासनळीच्या अस्तरावरही करेल, आणि मात्रा इतकी लहान असल्यामुळे उरलेल्या शरीराला ती जाणवणार नाही, असा हा तर्क होता. इंग्लंडमधील डर्बी येथील डॉक्टर हॅरी मॉरो ब्राउन यांनी त्याची रुग्णांवर पारख केली. ते कफाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यात इओसिनोफिल आहेत का हे तपासत आणि ज्यांच्या कफात ते आढळत अशांनाच हा उपचार योग्य मानत. त्यांचा निबंध १९७२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षे गोळ्यांवर असलेल्या अनेक रुग्णांच्या गोळ्या सुटल्या होत्या. त्याच वर्षी हे औषध बेकोटाइड या नावाने उपलब्ध झाले. साल्ब्युटामॉलने अधिक कीर्ती मिळवली, पण या दोहोंपैकी अधिक जीव कोणी वाचवले असे मला विचारले तर मी न अडखळता या स्टिरॉइडचे नाव घेईन.

येथे आणखी एक अडचण होती आणि तिची उकल मला विशेष सुंदर वाटते. पंपातले औषध सगळेच फुप्फुसात जात नाही. पद्धत चांगली असली तरी मोठा भाग घशाशी अडकतो आणि गिळला जातो. मग तो पोटातून रक्तात जाणारच. यावर उपाय असा, की गिळलेले औषध यकृतातून पहिल्यांदा जातानाच निकामी व्हावे अशी त्याची घडण ठेवायची. ग्लॅक्सोच्या रसायनतज्ज्ञांनी या विचाराने घडवलेले स्टिरॉइड म्हणजे फ्लुटिकासोन प्रोपियोनेट. गिळलेल्या फ्लुटिकासोनपैकी एक टक्क्याहूनही कमी भाग रक्तापर्यंत कामाच्या स्थितीत पोहोचतो. साल्ब्युटामॉलच्या वेळी शरीराने औषध मोडू नये म्हणून धडपड होती, आणि येथे शरीराने ते मोडावे, पण योग्य ठिकाणी मोडावे, अशी योजना केली गेली. शरीर औषधाचे काय करते या प्रश्नाची ही दोन टोके एकाच माणसाच्या देखरेखीखाली हाताळली गेली.

रात्रीचा प्रश्न तेवढा उरला होता. दमा पहाटे बळावतो, आणि चार-सहा तासांचे औषध झोपताना घेतले तर पहाटेपूर्वीच संपते. १९८० च्या दशकात वेअरच्या चमूने साल्ब्युटामॉलचे डोके तसेच ठेवून त्याला एक लांब, चरबीत मिसळणारे शेपूट जोडले. हे शेपूट ग्राहीच्या आसपास रुतून बसते आणि डोके पुन्हा पुन्हा ग्राहीला भिडत राहते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. या साल्मेटेरॉलचा परिणाम सुमारे १२ तास टिकतो. ते १९९० साली ब्रिटनमध्ये आले. तेव्हा जॅक निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती.

त्यांच्या काळात याच समूहातून पित्तावरचे रॅनिटिडिन, अर्धशिशीवरचे सुमाट्रिप्टान आणि कर्करोगाच्या उपचारातील उलट्या थांबवणारे ओन्डान्सेट्रॉन हीही औषधे निघाली. त्यांच्या शोधांचा आरंभ बहुधा शरीरातल्याच एखाद्या निरोप्यापासून होत असे: अॅड्रेनालिन, हिस्टामिन, सेरोटोनिन. या संदर्भात एका योगायोगाची आठवण करून द्यावीशी वाटते. हृदयातले बीटा ग्राही बंद करणारे प्रोप्रानोलॉल घडवून १९८८ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले जेम्स ब्लॅक हेही १९२४ सालीच जन्मलेले आणि फाइफच्याच खाण प्रदेशात वाढलेले स्कॉटिश. एकाने जे ग्राही उघडले तेच दुसऱ्याने मिटले. प्रोप्रानोलॉल श्वासनळीतले बीटा ग्राहीही बंद करते, म्हणूनच ते दमेकऱ्याला देऊ नये, हा नियम आजही कायम आहे. जॅक १९९२ साली रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १९९३ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि ८ नोव्हेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले.

साल्मेटेरॉलची पुढची हकीकत मात्र १९६० च्या दशकाची आठवण करून देणारी आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, २६ हजारांहून अधिक रुग्णांच्या एका अमेरिकी चाचणीत हे औषध नेहमीच्या उपचारात वाढवून दिलेल्यांमध्ये दम्याचे मृत्यू अधिक आढळले. त्यांची एकूण संख्या लहान होती, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. कारण आता आपल्याला ओळखीचे आहे: नळी सैल राहते, रुग्णाला बरे वाटते, आणि खालची सूज कोणाच्या लक्षात न येता वाढत राहते. त्यामुळे दम्यात दीर्घकाळ टिकणारे हे औषध स्टिरॉइडशिवाय एकटे कधीही देऊ नये, असा दंडक झाला. दोन्ही औषधे एकाच पंपात घातली की रुग्णाला सूज उतरवणारे औषध टाळताच येत नाही. साल्मेटेरॉल आणि फ्लुटिकासोन यांच्या जोडपंपांवर झालेल्या नंतरच्या मोठ्या चाचण्यांत तो धोका दिसला नाही.

हाच विचार २०१९ साली आणखी पुढे गेला. दम्याच्या उपचाराची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या 'जिना' या संस्थेने त्या वर्षी सांगितले, की प्रौढ आणि किशोरवयीन दमेकऱ्यांवर केवळ साल्ब्युटामॉलसारख्या औषधाने उपचार करणे यापुढे योग्य मानले जाणार नाही. सौम्य दम्यातही पंपात स्टिरॉइड असलेच पाहिजे. त्यासाठी धाप लागेल तेव्हा घ्यायच्या पंपात स्टिरॉइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र सुचवले गेले. फॉर्मोटेरॉल साल्मेटेरॉलइतकेच टिकते, पण काही मिनिटांत काम सुरू करते; साल्मेटेरॉलला त्यासाठी जास्त वेळ लागत असल्याने धाप लागल्यावर घेण्यास ते चालत नाही.

भारतात दमेकऱ्यांची संख्या साडेतीन कोटींच्या आसपास असल्याचा अंदाज आहे, आणि जगातल्या दमेकऱ्यांत आपला जो वाटा आहे त्याच्या कितीतरी पट मोठा वाटा दम्याच्या मृत्यूंत आहे. पंपाची सवय लागते ही भीती आपल्याकडे खोलवर रुजली आहे. साल्ब्युटामॉलचा पंप पुन्हा पुन्हा लागतो तो व्यसन जडल्यामुळे नव्हे, तर सूज उतरवणारे औषध कोणी दिलेलेच नसते किंवा 'स्टिरॉइड' हा शब्द ऐकून घरच्यांनी ते बंद केलेले असते म्हणून. पंपातल्या स्टिरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीची मिलिग्रॅममध्ये. दोन्हींना एकच नाव असले तरी शरीरावरचा भार एक नसतो. घशात राहिलेल्या अंशामुळे तोंडात बुरशी येऊ शकते, म्हणून पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकायचे असते. पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मध्ये बसवायची पोकळ नळी, जोडला तर घशात अडकणारा भागही कमी होतो, आणि लहान मुलांसाठी तर तो आवश्यकच आहे.

आपल्या घरात दमा आटोक्यात आहे की नाही हे ताडण्याचा एक सोपा मार्ग पंपाच्या रिकाम्या डब्यांत आहे. साल्ब्युटामॉलच्या एका डब्यात साधारण २०० दाब असतात. वर्षभरात असे तीन किंवा अधिक डबे संपत असतील तर मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो, आणि महिन्याला एक, म्हणजे वर्षाला बारा, संपत असतील तर मृत्यूचा धोकाही वाढतो. हे डबे मोजून ठेवावेत आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तो आकडा सांगून, आपल्या पंपात सूज उतरवणारे औषध आहे का, एवढे अवश्य विचारावे.